अटलांटात कृष्णवर्णीय महापौर आला, मग सफाई कामगारांचा संप का मोडला गेला?

प्रश्न : करवीरचा वाचक

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या अभ्यासमंडळाने या वर्षी मताधिकार मिळाल्यानंतरच्या राजकारणाचा विषय घेतला आहे आणि माझ्या वाट्याला अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा हे शहर आले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे जन्मगाव. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर आठच वर्षांत, म्हणजे १९७३ च्या निवडणुकीत, मेनार्ड जॅक्सन हे पस्तीस वर्षांचे कृष्णवर्णीय वकील सुमारे ५९ टक्के मते घेऊन तेथे महापौर झाले. दक्षिणेतील एखाद्या मोठ्या शहराला लाभलेले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर, आणि तेव्हापासून आजवर त्या शहराचे सगळे महापौर कृष्णवर्णीयच आहेत.

येथवरचा इतिहास वाचताना ऊर भरून येतो. माझी गाडी अडते ती १९७७ पाशी. त्या वर्षी शहराचा कचरा उचलणाऱ्या कामगारांनी, जे बहुतांशी कृष्णवर्णीय होते, पगारवाढीसाठी संप पुकारला आणि जॅक्सन यांनी त्यांतील नऊशेहून अधिक जणांना कामावरून काढून टाकले. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मरण पावले, त्यावरून तेथील तेराशे कामगार संपावर गेले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी गेलेल्या किंग यांना ४ एप्रिल रोजी तेथेच गोळी घालण्यात आली. कामगारांच्या गळ्यातील ‘मी माणूस आहे’ हे फलक आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिले आहेत. असे असूनही अटलांटातील संपाच्या वेळी किंग यांचे वडील, थोरले मार्टिन ल्यूथर किंग, उघडपणे महापौरांच्या बाजूने उभे राहिले.

हा विश्वासघात होता, की शहराची सत्ता हाती आली तरी खरी सूत्रे अन्य कोणाकडे राहिल्याचा परिणाम होता? आणि आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्याशी अटलांटाची तुलना करण्याचा मोह आम्हां कोल्हापूरकरांना होतोच, तर ती तुलना कितपत टिकते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : बिंदू चौक

वाचकसाहेब, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. १९७७ समजून घ्यायचे तर मागे १९४६ पर्यंत जावे लागते, कारण अटलांटातील कृष्णवर्णीयांचे राजकारण मतदान हक्क कायद्याच्या बऱ्याच आधी उभे राहिले होते. जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार निवडण्याची प्राथमिक निवडणूक केवळ गोऱ्यांसाठी असे, आणि तो पक्ष ज्याला उमेदवारी देईल तोच निवडून येणार हे ठरलेले असल्यामुळे त्या निवडणुकीतून वगळणे म्हणजे मत काढून घेणेच होते. कोलंबस गावातील प्रायमस किंग नावाच्या न्हाव्याने, जो धर्मोपदेशकही होता, या अन्यायाविरुद्ध दावा लावला आणि १९४६ मध्ये तो जिंकला. त्याच वर्षी अटलांटात काही आठवड्यांच्या मोहिमेत सुमारे अठरा हजार कृष्णवर्णीय मतदारांची नव्याने नोंदणी झाली. पुढे १९४९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॉन वेस्ली डॉब्ज आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ए. टी. वॉल्डन यांनी पक्षभेद बाजूला ठेवून कृष्णवर्णीय मतदारांची एकत्रित संघटना बांधली. हे डॉब्ज म्हणजे मेनार्ड जॅक्सन यांच्या आईचे वडील.

या मतांच्या बळावर शहराचे गोरे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड, बडे व्यापारी आणि ऑबर्न अव्हेन्यू या कृष्णवर्णीयांच्या व्यापारी भागातील धर्मगुरू, बँक व विमा कंपनीचे चालक यांच्यात एक समझोता झाला. कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी कट्टर वंशद्वेष्ट्यांविरुद्ध सौम्य गोऱ्या उमेदवाराला निवडून द्यायचे आणि त्याबदल्यात शहराने थोडे थोडे द्यायचे. हे थोडे म्हणजे किती, याचा एक नमुना पाहावा. १९४८ मध्ये शहराने आठ कृष्णवर्णीय पोलीस नेमले. गोऱ्या माणसाला अटक करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पोलीस मुख्यालयात त्यांना जागा नव्हती, म्हणून बटलर स्ट्रीटवरील वायएमसीए या ख्रिस्ती युवकसंस्थेच्या इमारतीत त्यांची हजेरी होई आणि तेथेच ते गणवेश चढवून बाहेर पडत. तरीही आपल्या वस्तीत आपला पोलीस पाहायला लोक रस्त्यावर आले होते, आणि त्यांच्या आनंदाला कमी लेखण्याची माझी तयारी नाही. पण समझोत्याचा साचा तेव्हाच पक्का झाला. वाटाघाटींना बसणारे दोन्हीकडचे लोक सुस्थितीतील होते आणि कचरा उचलणारा, धुणीभांडी करणारी, झोपडवस्तीत भाड्याने राहणारा यांच्यापैकी कोणीच तेथे नव्हते.

जॅक्सन यांनी हा साचा मोडण्याचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. १९६८ मध्ये त्यांनी वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना न विचारता सिनेटर हर्मन टालमॅज यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. राज्यात ते हरले, पण अटलांटा शहरात त्यांना आघाडी मिळाली. १९६९ मध्ये ते उपमहापौर झाले. १९७० मध्ये सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा महापौर सॅम मॅसेल यांच्या विरोधात जाऊन त्यांनी जाहीरपणे कामगारांची बाजू घेतली. त्या कामगारांनीच १९७३ मध्ये त्यांच्यासाठी घरोघर प्रचार केला.

मग चार वर्षांत काय बदलले? माझ्या वाचनावरून दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली तिजोरीची. साठच्या दशकात सुमारे साठ हजार गोरे रहिवासी शहर सोडून उपनगरांत गेले आणि सत्तरच्या दशकात आणखी लाखभर गेले. १९७० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९७ हजार होती, ती १९८० मध्ये सुमारे ४ लाख २५ हजारांवर आली. म्हणजे ज्या काळात कृष्णवर्णीयांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर जाऊन सत्तेचा मार्ग मोकळा झाला, नेमक्या त्याच काळात कर भरणारी घरे आणि दुकाने हद्दीबाहेर गेली. अंदाजपत्रकात तूट ठेवण्याची शहराला मुभा नव्हती. तासाला पन्नास सेंट वाढवून द्या, एवढीच कामगारांची मागणी होती आणि तेवढा पैसाच नाही, असे महापौरांचे उत्तर होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९७४ मध्ये मध्यवर्ती भागातील व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांनी महापौरांना पत्र लिहून, उद्योजकांचा आपल्यावरचा विश्वास उडत आहे आणि कंपन्या शहर सोडण्याच्या विचारात आहेत, असे कळवले. ते पत्र वृत्तपत्रांत पोहोचले. जॅक्सन यांना विमानतळाचे प्रचंड काम उभे करायचे होते, त्यासाठी कर्जरोखे विकायचे होते आणि १९७७ च्या ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक होती. कामगारांपुढे आपण झुकत नाही, हे दाखवून देण्याची संधी त्या संपाने त्यांना दिली. १९७७ च्या एप्रिल महिन्यात व्यापारी मंडळ आणि जुन्या पिढीतील कृष्णवर्णीय पुढारी एकत्र येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. थोरल्या किंग यांची भूमिका अशी होती की, इतक्या वर्षांच्या खस्ता खाऊन मिळालेला आपला पहिला महापौर आपल्याच लोकांच्या संपाने पडला तर पुन्हा ही संधी येणार नाही. त्यांच्या वेदनेचा मी आदर करतो. पण मेम्फिसमध्ये ज्या कामगारांसाठी त्यांच्या मुलाने प्राण दिले, त्यांच्याच व्यवसायबंधूंना नोकरीवरून काढणे योग्य ठरवण्याइतकी ती भूमिका सबळ आहे, असे मला वाटत नाही. जॅक्सन यांनी कामगारांवर अन्याय केला, असेच माझे मत आहे, आणि तो अन्याय करणे त्यांना सोपे गेले याचे कारण कामगार ज्या आघाडीला मते देत होते त्या आघाडीच्या निर्णयांत त्यांना स्थान नव्हते.

प्रतिसाद २ : उत्तरेश्वर पेठ

बिंदू चौक यांनी दिलेला तपशील मान्य आहे, मात्र संपूर्ण कारकीर्द एका संपाच्या चष्म्यातून पाहिली तर १९७३ पूर्वीचे शहर किती कडेकोट बंद होते, हे नजरेआड होईल. शहराच्या कंत्राटांपैकी एक टक्कासुद्धा काम कृष्णवर्णीयांच्या कंपन्यांकडे जात नव्हते, आणि हे जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय असलेल्या शहरात. जॅक्सन यांनी नव्या विमानतळाच्या कामात २५ टक्के वाटा अल्पसंख्याक कंपन्यांना मिळालाच पाहिजे, अशी अट घातली. अट केवळ कागदावर राहू नये म्हणून त्यांनी मोठ्या गोऱ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय कंत्राटदारांबरोबर भागीदारी करूनच निविदा भरायला लावली. त्यामुळे ज्यांना अनुभव नाही म्हणून काम मिळत नव्हते आणि काम मिळत नाही म्हणून अनुभव येत नव्हता, त्यांना मोठ्या कामाचा हिशेब, यंत्रसामग्री आणि बँकेची पत या तिन्ही गोष्टी एकदमच हाताळायला मिळाल्या. बांधकामच नव्हे, तर टर्मिनलमधील दुकाने व उपाहारगृहे यांतही हाच नियम लावला. अट मान्य नसेल तर काम रखडले तरी चालेल, या भूमिकेवरून ते हटले नाहीत. वृत्तपत्रांनी आणि विमान कंपन्यांनी आकाशपाताळ एक केले, तरी १९८० च्या सप्टेंबरात टर्मिनल सुरू झाले. ज्या बँकांच्या वरिष्ठ पदांवर एकही कृष्णवर्णीय नाही, त्यांच्याकडील शहराच्या ठेवी काढून घेण्याचा इशाराही त्यांनी दिला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अटलांटाच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्षपद प्रथमच एका कृष्णवर्णीयाकडे, अटलांटा लाइफ या विमा कंपनीचे प्रमुख जेसी हिल यांच्याकडे आले, त्यामागे हा सगळा रेटा होता.

पोलिसांचेही तसेच. मतदार म्हणून निवडून द्यायचे आणि रात्री त्याच शहराच्या पोलिसांना भ्यायचे, ही अवस्था बदलणे ही जॅक्सन यांना मिळालेल्या मतांतील पहिली अपेक्षा होती. १९७४ मध्ये त्यांनी पोलीसप्रमुख जॉन इनमन यांना हटवण्याचा प्रयत्न केला, पण ते न्यायालयात गेले आणि पदावर टिकले. तेव्हा शहराच्या कारभाराची रचना ठरवणाऱ्या नव्या सनदेचा आधार घेऊन महापौरांनी पोलीसप्रमुखाच्या वर सार्वजनिक सुरक्षा आयुक्ताचे पद भरले. त्या पदावर नेमलेल्या रेजिनल्ड ईव्ह्ज यांना पुढे बढतीच्या परीक्षेतील गैरप्रकारावरून १९७८ मध्ये जावे लागले, हा काळा डाग आहेच. तरीसुद्धा खात्याची रचना बदलली ती बदललीच.

मात्र माझ्या मताला छेद देणारी एक घटना टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७९ ते १९८१ या काळात अटलांटातील गरीब वस्त्यांमधून कृष्णवर्णीय मुले एकामागून एक नाहीशी होऊ लागली आणि त्यांचे मृतदेह सापडू लागले. महापौर कृष्णवर्णीय, सुरक्षा आयुक्त ली ब्राउन कृष्णवर्णीय. तरीही या सुट्या घटना नसून एक मालिका आहे, हे शासनाला मान्य करायला लावण्यासाठी त्या मुलांच्या आयांना स्वतः संघटना काढून दारोदार फिरावे लागले. अधिकारी आपल्या रंगाचा असला तरी तो आपल्या वस्तीत राहत नाही, हे त्या आयांना जितके कळले तितके कोणाला कळले नसेल.

आता शाहू महाराजांविषयी. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या. ती संस्थानाधिपतीची आज्ञा होती, मतपेटीतून आलेली नव्हती. अटलांटात मतपेटीने सत्ता दिली आणि त्या सत्तेने कंत्राटांत वाटा दिला. नोकरीतील वाटा पगारदार माणसापर्यंत पोहोचतो, कंत्राटातील वाटा आधी मालकापर्यंत पोहोचतो आणि तेथून खाली किती झिरपेल ते मालकावर अवलंबून राहते. तुलना करायचीच असेल तर या मुद्द्यावर करावी.

त्याहून मोठा फरक शिक्षणाचा. महाराजांनी जाहीरनाम्याच्या आगेमागेच जातीजातींची वसतिगृहे उभी केली, कारण राखीव जागेवर बसायला शिकलेला मुलगा हवा, हे त्यांनी ओळखले होते. आजही दसरा चौकात उभे राहिले की त्यांतील कित्येक वास्तू नजरेस पडतात. अटलांटात मात्र १९७३ मध्येच शाळांबाबत एक तडजोड झाली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना बसगाड्यांनी एकमेकांच्या शाळांत नेऊन वर्ग मिसळण्याचा आग्रह एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या तेथील शाखेने सोडला आणि त्याबदल्यात शिक्षण विभागातील वरिष्ठ पदे मिळवली, त्यांत अधीक्षकाचे पदही होते. राष्ट्रीय संघटनेला हे इतके झोंबले की तिने शाखेला निलंबित केले. स्थानिक पुढाऱ्यांचे म्हणणे असे की गोरी मुले आधीच शाळा सोडून गेली आहेत, आता मिसळायचे कोणाला? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण पदे मिळाली ती प्रौढांना आणि शाळा राहिली ती मुलांची, ही गोष्ट आजही सलते.

प्रतिसाद ३ : पापाची तिकटी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत हद्दीबाहेर गेलेल्या लोकांचा उल्लेख आला आहे, पण मला वाटते की सगळ्या प्रकरणाची किल्लीच तेथे आहे. कोल्हापूरकरांना हद्दवाढ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

१९४३ मध्येच महापौर हार्ट्सफील्ड यांनी शहरातील प्रतिष्ठित गोऱ्यांना लिहिले होते की शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढत आहे आणि बाहेरच्या गोऱ्या वस्त्या शहरात घेतल्या नाहीत तर एक दिवस सत्ता जाईल. १ जानेवारी १९५२ पासून शहराची हद्द ३७ चौरस मैलांवरून ११८ चौरस मैलांवर गेली आणि बकहेडसारख्या श्रीमंत गोऱ्या भागासह सुमारे एक लाख लोक शहरात आले. म्हणजे तेथे हद्दवाढ झाली ती गोऱ्यांचे बहुमत आणखी वीस वर्षे टिकावे म्हणून. पुढे १९६६ मध्ये उत्तरेकडील सँडी स्प्रिंग्स भाग शहरात घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तेथील मतदारांनी तो फेटाळला. तोवर गणित उलटू लागले होते. शहरात यायचे म्हणजे उद्या कृष्णवर्णीय बहुमताच्या कारभाराखाली यायचे, हे त्यांना नको होते. २००५ मध्ये सँडी स्प्रिंग्सने स्वतःचे वेगळे शहरच स्थापन केले आणि पुढे बकहेडलाही अटलांटातून फुटण्याचे वेध लागले होते, तो प्रस्ताव २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये पडला.

हद्द केवळ नकाशावर नव्हती. डिसेंबर १९६२ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरने शहराच्या नैर्ऋत्येला पेटन फॉरेस्ट या गोऱ्या वस्तीत घर घ्यायचे ठरवले, तेव्हा महापौर आयव्हन अ‍ॅलन यांच्या सहीने पेटन रोड आणि हार्लन रोड या दोन रस्त्यांवर आडवे अडसर ठोकण्यात आले, जेणेकरून कृष्णवर्णीय वस्तीतून तिकडे कोणी येऊच नये. सभ्य शहर म्हणून मिरवणाऱ्या अटलांटाची वृत्तपत्रांत बर्लिनच्या भिंतीशी तुलना होऊ लागली. १ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने ते अडसर बेकायदा ठरवले आणि त्याच दिवशी ते उखडले गेले. पुढच्याच वर्षांत तेथील गोऱ्यांनी घरे विकून वस्ती रिकामी केली. अडसर काढता आला, माणसे थांबवता आली नाहीत. हेच अ‍ॅलन १९६३ च्या जुलैत अमेरिकन काँग्रेससमोर, म्हणजे तेथील संसदेसमोर, जाऊन नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने साक्ष देतात, तीही दक्षिणेतील एक निवडून आलेला पुढारी म्हणून एकट्याने. माणूस एकाच वर्षात दोन्ही गोष्टी करतो, त्यामुळे त्यांच्याविषयी एका शब्दात निकाल देऊ नये.

आता मार्टा, म्हणजे अटलांटाची बस आणि मेट्रो सेवा. १९७१ च्या मतदानात फुल्टन आणि डिकॅल्ब या दोन काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक) एक टक्का विक्रीकर लावून घ्यायला होकार दिला, क्लेटन आणि ग्विनेट यांनी नकार दिला, कॉब तर १९६५ लाच बाहेर पडली होती. शहरातील गरीब कृष्णवर्णीयांची मते मिळवण्यासाठी बसचे तिकीट चाळीस सेंटवरून पंधरा सेंटवर आणण्याचे वचन दिले गेले आणि ते पाळलेही गेले. पण नवे कारखाने आणि कार्यालये उत्तरेच्या उपनगरांत जात राहिली आणि बस त्या दोन काउंट्यांच्या वेशीपाशी थांबत राहिली. ज्याच्याकडे मोटार नाही त्याने तेथील नोकरीला पोहोचायचे कसे? राज्य सरकारने मार्टाच्या दैनंदिन खर्चाचा भार कधी नियमितपणे उचलला नाही, उलट विक्रीकराचे उत्पन्न निम्मे बांधकामावर आणि निम्मेच चालवण्यावर खर्च करावे, असे बंधन घातले. क्लेटनने मार्टात येण्याचा निर्णय घ्यायला २०१४ साल उजाडले, आणि ग्विनेटने तर २०१९ मध्येही नकारच दिला.

कोल्हापूरची नगरपालिका १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, पण हद्द जुनीच राहिली. आसपासची गावे घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील आणि ग्रामपंचायत जाईल म्हणून विरोध करतात. अखेर २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी प्राधिकरण आले. महापालिकेच्या केएमटी सेवेच्या बसगाड्या त्या गावांत जातात आणि तोट्याचा बोजा शहराच्या तिजोरीवर पडतो. हे वरवरचे साम्य खरे आहे, पण आपल्या गावांचा विरोध हा शहरात राहणाऱ्या एखाद्या समाजाच्या द्वेषातून आलेला नाही, त्यामुळे अटलांटाशी बरोबरी करताना येथेच थांबावे. वाचकसाहेबांनी एवढे मात्र अवश्य मांडावे की जॅक्सन ज्या खुर्चीवर बसले तिचा अधिकार वेशीपाशी संपत होता आणि पैसा वेशीच्या पलीकडे गेला होता. संपकऱ्यांना नाही म्हणण्याचा दोष त्यांचाच. पण ज्यांनी कर हद्दीबाहेर नेला, त्यांच्याकडे कोणी मोर्चा नेला नाही.

प्रतिसाद ४ : करवीरचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. रागाच्या भरात मी जॅक्सन यांच्यावरच सगळा रोख ठेवणार होतो, आता मांडणी बदलावी लागेल. १९७० आणि १९७७ हे दोन संप शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये विमानतळ आणि हद्द हे दोन विषय घेईन. एक शंका राहते. अटलांटाच्या नव्या नगरपरिषदेत १८ पैकी १२ सदस्य विभागवार आणि ६ संपूर्ण शहरातून निवडले जात आणि पहिल्या परिषदेत नऊ कृष्णवर्णीय व नऊ गोरे आले, असे वाचले. मग विभागवार निवडणुकीला तेथे इतके महत्त्व का होते? आपल्याकडे बहुसदस्यीय प्रभागांवरून जो वाद चालतो, तसाच हा प्रकार आहे का?

प्रतिसाद ५ : बिंदू चौक

संपूर्ण शहराने प्रत्येक जागेसाठी मत द्यायचे, अशी पद्धत असेल तर चाळीस टक्के असलेला समाज सगळ्या जागा हरू शकतो. अलाबामातील मोबाइल शहरात १९११ पासून तीन आयुक्त असेच निवडले जात आणि शहराची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय असूनही त्यांच्यापैकी एकही कधी निवडून आला नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पद्धत हेतुपुरस्सर अन्यायाची होती हे सिद्ध करा, असे सांगितले. तेव्हा काँग्रेसने १९८२ मध्ये मतदान हक्क कायदाच दुरुस्त करून परिणाम दाखवला तरी पुरे, अशी तरतूद केली. मोबाइलला १९८५ मध्ये सात विभागांची परिषद मिळाली.

आपल्या प्रभागांत प्रत्येक जागेचे आरक्षण सोडतीने आधीच ठरते, त्यामुळे मागास समाजाचा सदस्य येणार हे नक्की असते. पण तो कोणता सदस्य, हे त्या राखीव समाजाबरोबर प्रभागातील सर्व मतदार मिळून ठरवतात, आणि प्रभाग जितका मोठा तितके त्याच्या स्वतःच्या वस्तीचे वजन कमी. अमेरिकेत राखीव जागा नाहीत, म्हणून तेथे सगळी लढाई विभागाच्या रेषेवर होते. दोन्हीकडचा प्रश्न जवळचा आहे, यंत्रणा वेगळी आहे.

व्हर्जिनियातील रिचमंड शहर आपल्या मांडणीत एका परिच्छेदापुरते तरी घ्यावे. तेथे १९७० मध्ये शेजारच्या काउंटीतील सुमारे ४७ हजार लोक, बहुतेक सगळे गोरे, शहरात जोडून कृष्णवर्णीयांचे बहुमत मोडण्यात आले. खटला चालू असेपर्यंत न्यायालयाने निवडणुका थांबवल्या, त्या १९७७ मध्ये नऊ विभागांच्या पद्धतीने झाल्या आणि पाच विरुद्ध चार असे कृष्णवर्णीय बहुमत येऊन हेन्री मार्श महापौर झाले. या परिषदेने १९८३ मध्ये अटलांटाच्याच वाटेने जाऊन कंत्राटांतील तीस टक्के काम अल्पसंख्याक कंपन्यांना देण्याचा नियम केला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि निकालपत्रात परिषदेवर कृष्णवर्णीयांचे बहुमत असल्याचीही नोंद घेतली. जेथे शतकभर गोऱ्या बहुमताने सगळी कंत्राटे गोऱ्यांना दिली, तेथे ही नोंद वाचताना संताप येतो. त्या निकालानंतर अटलांटालाही पूर्वीच्या भेदभावाचे पुरावे गोळा करून आपली योजना नव्याने बांधावी लागली, म्हणून विमानतळाचा विषय मांडताना १९८० वर न थांबता १९८९ पर्यंत यावे.